लंडनच्या धीट कोल्ह्यांबद्दल फिरणारा निरोप: त्यात खरं किती, खोटं किती

गेल्या पंधरा दिवसांत एकच निरोप मला चार ठिकाणांहून आला. हॅरोतल्या मैत्रिणीकडून, स्लाऊच्या मावसभावाकडून, पुण्याच्या आत्याकडून आणि शेवटी नाशिकहून आईकडून. आईने खाली एवढंच लिहिलं होतं, "तुमच्या मागच्या दारात यायचा तो हाच ना गं?"

निरोप लांबलचक आहे. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: लंडनमधल्या मराठी कुटुंबांनी सावध राहावं. शिकारीवर बंदी आल्यापासून रानातले कोल्हे शहरात घुसलेत आणि त्यांची संख्या हाताबाहेर गेलीय. दिवसा दिसणारा कोल्हा पिसाळलेला असतो, चावला की रेबीज ठरलेला. ते मांजरं मारतात, पाळण्यातली बाळं उचलतात. काउन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) लक्ष देत नाही, तेव्हा पिंजरा लावून लांब जंगलात सोडा, नाही तर औषध घाला. तेही जमत नसेल तर रोज थोडं खायला ठेवा, म्हणजे ओळख होते आणि ते अंगावर येत नाहीत.

मी उत्तर-पश्चिम लंडनमध्ये चौदा वर्षं राहतेय. घरामागे लांबट बाग, टोकाला लाकडी शेड, आणि जवळजवळ दर वर्षी शेडखाली कोल्ह्याचं बीळ. हा निरोप वाचून दोन गोष्टींची धास्ती वाटली. कोणीतरी खरंच विष घालेल, आणि कोणीतरी हाताने पोळी भरवेल. दुसरी गोष्ट आमच्याच घरात घडून गेली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी प्राणी कोणता ते सांगते, कारण अर्धा गोंधळ नावातच आहे. मराठीत आपण ज्याला कोल्हा म्हणतो, ज्याची कोल्हेकुई गावाकडे संध्याकाळी ऐकू येते, तो सोनेरी कोल्हा. इंग्रजीतला जॅकल. लंडनमध्ये फिरतो तो तांबडा कोल्हा, म्हणजे आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद. वजन साधारण पाच ते सात किलो, म्हणजे धष्टपुष्ट बोक्यापेक्षा फार जास्त नाही. झुपकेदार शेपटी आणि दाट केसांमुळे तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, हिवाळ्यात तर जास्तच. निरोपासोबत जो फोटो फिरतोय त्यात दात विचकलेला प्राणी आहे. माझ्या बागेत चौदा वर्षांत मला असा चेहरा दिसला तो फक्त दोन कोल्हे एकमेकांशी भांडताना.

"शिकारीवर बंदी आल्यापासून ते शहरात घुसले."

कुत्र्यांचा जथा लावून कोल्ह्याची शिकार करायला इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदी आली ती २००४ च्या कायद्याने, अंमल सुरू झाला फेब्रुवारी २००५ मध्ये. लंडनच्या उपनगरांत कोल्हे स्थिरावले १९३० च्या दशकात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेकडेने वेम्बली, हॅरो, पिनर अशी उपनगरं उभी राहिली. शेतजमिनीवर जोडघरांच्या रांगा आल्या, प्रत्येक घरामागे लांब बाग, कुंपणाला झुडपं, कोपऱ्यात शेड. कोल्ह्याला लपायला जागा, खायला गांडुळं, भुंगे, उंदीर, कबुतरं, झाडाखाली पडलेली सफरचंदं. त्याला आणखी काय हवं? मराठी मंडळी ज्या भागांत आज मोठ्या संख्येने राहतात, नेमके तेच हे भाग. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळाची स्थापना १९३२ ची, म्हणजे या शहरात मराठी मंडळ आणि कोल्हे साधारण एकाच दशकात रुजले.

संख्येबद्दल मात्र निरोप पूर्ण खोटा नाही. ब्रिटनच्या शहरांत सुमारे ३३ हजार कोल्हे असावेत असा जुना अंदाज होता. २०१७ मध्ये संशोधक डॉन स्कॉट यांच्या गटाने काढलेला अंदाज दीड लाखाच्या घरात गेला. हा फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचं कारण एकाच मोहल्ल्यात पाचपट गर्दी झाली असं नाही. १९८० च्या दशकात ज्या शहरांत कोल्हे नव्हते किंवा तुरळक होते, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते आता पोचलेत. जिथे ते आधीपासून आहेत तिथे जागा भरलेली असते. एका कुटुंबाच्या हद्दीत सहसा एकच मादी वर्षातून एकदा विते, चार-पाच पिल्लं होतात, आणि शहरातला बहुतेक कोल्हा दोन वर्षंही जगत नाही. सगळ्यात जास्त मरतात ते मोटारींखाली. ब्रिस्टलमध्ये तर १९९४ साली खरुज आली आणि दोन-तीन वर्षांत तिथले पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त कोल्हे मेले. "हाताबाहेर गेलेली संख्या" अशी नसते.

"दिवसा दिसणारा कोल्हा पिसाळलेला असतो."

हा समज आपण भारतातून सोबत आणलाय, आणि तिथे तो अगदीच निराधार नाही. इथे मात्र मे-जूनमध्ये दिवसाढवळ्या कोल्हा दिसला तर समजा घरात पिल्लं आहेत. मार्चमध्ये जन्मलेली पिल्लं एप्रिलअखेर बिळाबाहेर येतात, आणि इथल्या उन्हाळ्यात रात्र असते जेमतेम सात-आठ तासांची. चार तोंडं भरायला तेवढी पुरत नाही. बाकी वर्षभर दिवसा दिसतो तो बहुतेक वेळा ऊन खात पडलेला असतो. आमच्या शेडच्या डांबरी छतावर फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात एक जण तासन्‌तास वेटोळं करून झोपायचा, शेपूट नाकावर घेऊन.

आता रेबीज. निरोपातला सगळ्यात घाबरवणारा मुद्दा हाच, म्हणून इथे थोडं थांबते.

ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांच्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हा आला होता, १९२२ पर्यंत त्याचा नायनाट झाला. आज इथे त्या कुळातले विषाणू काही वटवाघळांत सापडतात, तो वेगळा विषय, पण वटवाघूळ हाताळलं तर डॉक्टरकडे जावंच लागतं. कोल्ह्यात रेबीज नाही. पश्चिम युरोपात खरोखर कोल्ह्यांमधला रेबीज होता आणि तो कसा गेला ही गोष्ट मला फार आवडते. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंड्यांत लस भरून त्या रानात टाकल्या गेल्या. कोल्ह्यांनी त्या खाल्ल्या आणि लसवंत झाले. पुढे देशोदेशी विमानांतून, हेलिकॉप्टरमधून अशी लसयुक्त आमिषं टाकली गेली. फ्रान्स २००१ मध्ये मुक्त जाहीर झाला, जर्मनी २००८ मध्ये. त्याआधी अनेक वर्षं कोल्हे मारून रोग थांबवायचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला होता. मारलेल्यांच्या जागी नवे येत, भांडत, चावत, रोग पुढेच जाई.

तरीही इथे कोल्हा चावला तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरकडे जायचंच, धनुर्वाताच्या आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने. रेबीजच्या भीतीने रात्र काढायची गरज नाही.

पण हा निरोप पुण्यात, नाशकात, मुंबईतही फिरतोय, आणि तिथल्या वाचकाने माझं वरचं वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. मुंबईत विक्रोळीपासून ठाणे खाडीच्या कडेने, नवी मुंबईपर्यंत, कांदळवनांत सोनेरी कोल्हे राहतात. २०२४ मध्ये चेंबूर परिसरातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. भारतात कोल्हा, कुत्रा, मांजर, कोणीही चावलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. वाट बघायची नाही, हळद-तिखट भरायचं नाही. एकच मजकूर दोन देशांत पाठवला की तो कुठे ना कुठे चुकतो, आणि या बाबतीतली चूक जिवावर बेतणारी आहे.

अशीच एक गोष्ट जर्मनीतल्या मराठी मंडळींसाठी. तिथल्या कोल्ह्यांत एक फार लहान टेपवर्म असतो, माणसाच्या यकृतात गेला तर गंभीर आजार करणारा. म्हणून रानातली बेरीफळं धुऊन खावीत, बागेत काम केल्यावर हात धुवावेत. ब्रिटनमध्ये तो जंत नाही, आणि येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना प्रवासाआधी जंतांचं औषध द्यावंच लागतं. इथल्या कोल्ह्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात, तशी ती कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतही असतात. मुलांच्या खेळायच्या वाळूवर झाकण घाला, विष्ठा उचलताना हातमोजे घाला. एवढं पुरतं.

"पाळण्यातली बाळं उचलतात."

हे वाक्य पोकळीतून आलेलं नाही. जून २०१० मध्ये हॅकनीत गरमीमुळे मागचं दार उघडं होतं, कोल्हा वरच्या खोलीपर्यंत गेला आणि पाळण्यातल्या नऊ महिन्यांच्या जुळ्या मुलींना त्याने जखमी केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रॉमलीत जेमतेम महिन्याच्या बाळाचं बोट तुटलं, डॉक्टरांनी ते परत जोडलं. या दोन्ही घटना खऱ्या आहेत. ज्या आईबापांवर हे ओढवलं त्यांना कोणी "कोल्हे तर निरुपद्रवी असतात" असं ऐकवू नये. तेव्हा काही प्राणिप्रेमी लोकांनी हॅकनीच्या कुटुंबावरच संशय घेतला, त्यांना त्रास दिला. प्राण्यावर प्रेम असण्याचा हा अर्थ नव्हे.

पण या दोन घटना आठवून सांगता येतात, तारखेसकट सांगता येतात, कारण त्या इतक्या विरळ आहेत. इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्यामुळे दर वर्षी हजारो माणसं इस्पितळात दाखल होतात आणि त्यांची बातमीही होत नाही. पाच-सहा किलोचा प्राणी बाळ "उचलून नेऊ" शकत नाही. घरात अन्नाच्या वासाने शिरलेला कोल्हा खोलीत अडकला, किंवा पाळण्याशी त्याने चाचपून पाहिलं, तर चावा बसू शकतो. म्हणून घरात कुठेही बाळ एकटं झोपलेलं असेल तर बागेचं दार बंद ठेवायचं. हवा हवी असेल तर खिडकी थोडीशीच उघडी ठेवायची. यात घाबरण्यासारखं काही नाही, आपण आपल्याकडे वाड्यात मांजर शिरेल म्हणून दुधावर झाकण ठेवतो, तितकीच ही सवय.

मांजरांचा मुद्दा आला की मला क्रॉयडनची गोष्ट सांगावीशी वाटते. २०१४ पासून दक्षिण लंडनमध्ये डोकं किंवा शेपूट कापलेली मांजरं सापडू लागली. काप सुरीने केल्यासारखा स्वच्छ. वर्तमानपत्रांनी "क्रॉयडनचा मांजरमाऱ्या" असं नाव दिलं, शेकडो मांजरांची नोंद झाली, पोलिसांनी खास तपास सुरू केला. आमच्या ओळखीच्या बायका संध्याकाळी मांजर बाहेर सोडेनात. लोकांच्या मनात सुरी घेऊन फिरणारा माणूस उभा राहिला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी तपास बंद केला. माणसाचा हात असल्याचा पुरावा नव्हता. मांजरं मोटारीखाली आली होती आणि मेल्यानंतर कोल्ह्यांनी त्यांचे लचके तोडले होते. २०२१ मध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अभ्यासकांनी तपासलेल्या मृत मांजरांवर कोल्ह्याचा डीएनए सापडला. कोल्ह्याचे बाजूचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून तो काप इतका सरळ दिसतो.

म्हणजे कोल्हा मेलेलं मांजर खातो. जिवंत, धडधाकट मांजराशी तो सहसा भांडत नाही, दोघांच्या अंगावर निघणारी जखम दोघांनाही परवडणारी नसते. माझ्या बागेत शेजारच्यांचा काळा बोका शेडच्या दाराशी बसलेला असताना कोल्हा लांबून वळसा घालून गेलेला मी कितीदा पाहिलाय. मांजराचं पिल्लू, ससा, गिनीपिग, कोंबड्या यांना मात्र खराच धोका आहे. कोंबड्या पाळल्या असतील तर पातळ षटकोनी जाळी कामाची नाही, ती दाताने तुटते. जाड, जोडकाम केलेली जाळी लावा, ती जमिनीतही पुरा आणि संध्याकाळी खुराड्याला कडी घाला. एक रात्र विसरलात तर सकाळी एकही कोंबडी उरत नाही.

रात्रीच्या किंचाळण्याबद्दलही निरोपात एक ओळ होती, की तो आवाज आला तर समजा जवळपास हल्ला झालाय. जानेवारीत तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही फोन हातात घेतला होता, बाईच किंचाळतेय असं वाटलं. तो त्यांच्या जोडी जमवण्याचा काळ असतो आणि तो आवाज बहुतेक मादीचा असतो. लहानपणी आजोळी भालू, म्हणजे म्हातारी कोल्हीण, ओरडली की काहीतरी वाईट होणार म्हणून मोठी माणसं गप्प व्हायची. तोच काटा इथेही अंगावर येतो, एवढंच.

"पिंजरा लावून लांब जंगलात सोडा, नाही तर औषध घाला."

हे करू नका. कृपा करून करू नका. कोल्ह्याला विष घालणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. शिवाय बागेत ठेवलेलं विषारी मांस कोल्हाच खाईल असं नसतं. ते शेजाऱ्याचा कुत्रा खातो, साळिंदरासारखा काटेरी पण छोटासा हेजहॉग खातो. आणि विषाने मरणं कसं असतं ते एकदा पाहिलं तर पुन्हा कोणाला सुचवणार नाही. पकडून लांब सोडणं दयाळूपणाचं वाटतं, पण शहरात वाढलेला कोल्हा अनोळखी रानात दुसऱ्या कोल्ह्यांच्या हद्दीत पडतो, मार खातो, उपाशी मरतो. तसं सोडून देणं हे इथल्या प्राणिकल्याण कायद्याखाली क्रौर्य ठरू शकतं.

बरं, यातून तुमची बाग तरी मोकळी होते का? लंडनच्या काही बरोंनी, म्हणजे शहरातल्या स्थानिक विभागांनी, पूर्वी कोल्हे मारण्याची कामं केली, १९८० च्या दशकापर्यंत ती सोडून दिली. एक हद्द रिकामी झाली की थोड्याच दिवसांत दुसरा येऊन बसतो, शरद ऋतूत तर घराबाहेर पडलेली तरुण पिल्लं जागेच्या शोधातच असतात. काउन्सिल लक्ष देत नाही हे खरं, पण त्याचं कारण आळस नाही. कायद्याने कोल्हा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत नाही आणि त्याला हटवण्याची जबाबदारी काउन्सिलवर नाही. शेडखालचं बीळ नको असेल तर मार्च ते जून सोडून, आत कोणी नाही याची खात्री करून, ती फट जाळीने बंद करा. आत पिल्लं असताना बंद केलीत तर ती आत मरतात आणि आई रात्रभर तिथे उकरत राहते.

आता शेवटचं वाक्य. "रोज थोडं खायला ठेवा, म्हणजे ते अंगावर येत नाहीत."

सहा वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आली होती. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिला उन्हाळा. ती रोज सकाळी जेवणाआधी पोळीचा एक तुकडा तुपाचा हात लावून मागच्या पायरीवर ठेवायची, कावळ्यासाठी. कावळे यायचे, मॅगपाय यायचे. मग एक कोल्हीण येऊ लागली. डाव्या कानाला खाच होती, म्हणून ओळखू यायची. पहिल्या आठवड्यात ती कुंपणाशी थांबायची. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच हातांवर. महिना संपेपर्यंत आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असताना तिच्या पावलांपासून हातभर अंतरावरून पोळी उचलायची.

मी काचेतून बघायचे. पुढचे पाय काळे, मोजे घातल्यासारखे. डोळे मधाच्या रंगाचे आणि बाहुली मांजरासारखी उभी. पोळी ती पुढच्या दातांनी कडेला धरायची, तिथे खायची नाही. वाफ्यात जायची, पुढच्या पायांनी माती उकरायची, पोळी ठेवायची आणि नाकाने माती लोटून लोटून वर सपाट करायची. आई म्हणायची, "बघ, उद्यासाठी ठेवते." मला वाटायचं, यात वाईट काय आहे? आईला सकाळी उठायला कारण मिळालंय.

ऑगस्टमध्ये उकाडा होता, सगळ्यांची दारं उघडी. आमच्यापासून दोन घरं सोडून एक तरुण जोडपं राहायचं, मुलगी दीड वर्षाची. तिच्या आईने तिला उंच खुर्चीत बसवून हातात टोस्ट दिला होता आणि ती ओट्याकडे वळली होती. परत वळली तेव्हा खुर्चीच्या पायाशी कोल्हीण बसलेली, मान वर करून, वाट बघत. ती किंचाळली, कोल्हीण खुर्ची धडकवत बाहेर पळाली. मुलीला ओरखडाही नाही. पण ती बाई थरथरत आमच्या दारात आली, विचारायला, की आम्ही त्या कोल्ह्याला पाहिलंय का. डावा कान फाटलेला होता म्हणाली.

मी तिला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

त्या कोल्हिणीने चूक काय केली होती? उघडं दार, बसलेलं माणूस, हातात पोळी: आम्हीच तिला महिनाभर शिकवलं होतं की याचा अर्थ काय. आक्रमक ती एक क्षणही नव्हती. ती फक्त घाबरत नव्हती, आणि ही भीती आम्ही घालवली होती. घरातल्या भाबड्या मायेने, पण घालवली. निरोप लिहिणाऱ्याला वाटतं खाऊ घातल्याने कोल्हा सुरक्षित होतो. नेमकं उलट होतं. तुमच्या ओळखीचा होतो तो तुमच्यापुरता राहत नाही, त्याच्या लेखी सगळीच माणसं तशी होतात. त्यात ज्यांना तो नको असतो तेही येतात, ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे तेही येतात. आणि पुढची तक्रार झाली की पिंजरा लावणाऱ्या खासगी माणसाला बोलावलं जातं. मग कोल्ह्याला गोळीच घातली जाते.

धीटपणा आणि हुशारी, धीटपणा आणि माणसाळणं यांची आपण गल्लत करतो. हल विद्यापीठाच्या ब्लेक मॉर्टन यांच्या गटाने इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १०४ ठिकाणी खाणं भरलेली कोडी ठेवली, उघडली तर खाऊ मिळणारी. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शहरी कोल्हे त्या वस्तूंजवळ जायला गावाकडच्यांपेक्षा धीट होते, पण कोडी सोडवण्यात काही सरस नव्हते. बहुतेक ठिकाणी तर कोल्ह्यांनी बघितलं आणि हातच लावला नाही, ९६ ठिकाणी त्यांनी वस्तूची दखल घेतली, त्यातल्या ३१ ठिकाणीच स्पर्श केला. म्हणजे मुळात प्राणी बुजराच आहे. तसंच २०२० मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या केव्हिन पार्सन्स यांनी जुन्या कवट्या मोजून दाखवलं की लंडनच्या कोल्ह्यांचं मुस्कट गावाकडच्यांपेक्षा थोडं आखूड आणि रुंद आहे. लगेच "कोल्हे आपोआप पाळीव होताहेत" अशा बातम्या आल्या. त्या कवट्या १९७१ ते १९७३ मधल्या होत्या आणि मुस्कट आखूड असणं म्हणजे कुशीत येऊन बसणं नव्हे. सायबेरियात १९५९ पासून कोल्हे माणसाळवण्याचा प्रयोग झाला, तो पिढ्यानपिढ्या फक्त शांत पिल्लं निवडून. कोणाच्या पायरीवर पोळी ठेवून तसं होत नाही.

२०११ मध्ये लंडनमधल्या शार्ड इमारतीचं बांधकाम चालू असताना एक कोल्हा बहात्तराव्या मजल्यावर सापडला होता. कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं खाऊन तो तिथे राहत होता. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण तो तिथवर पोचला तो ज्या पायऱ्यांनी, त्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी सँडविच टाकलेलं होतं.

म्हणून खाणं बंद करायचं असेल तर एकदम करा आणि सगळ्यांनी मिळून करा. उरलेलं अन्न काउन्सिलच्या कडी लागणाऱ्या डब्यात टाका, आणि कडी खरंच लावा. काळी पिशवी आदल्या रात्री फुटपाथवर ठेवू नका, सकाळी ठेवा. पक्ष्यांना घालायचं असेल तर उंचावर टांगा, आणि सकाळीच. आपल्या घरी चपला दाराबाहेर असतात, त्या आत घ्या. पिल्लांना चामड्याचा आणि घामाचा वास फार आवडतो. बर्लिनच्या झेलेनडॉर्फ भागात २०२० मध्ये एका कोल्ह्याने शंभराहून जास्त चपला-बूट जमवलेले सापडले. माझीही एक कोल्हापुरी गेली, दुसरीला आता जोड नाही. आणि कोल्हा फार जवळ आला तर टाळ्या वाजवा, उभं राहा, त्याच्या दिशेने दोन पावलं टाका. क्रूर वाटलं तरी तेच त्याच्या भल्याचं आहे.

आम्ही बंद केलं तेव्हा तीन आठवडे ती रोज पायरीशी येऊन बसायची. आई काचेच्या आतून उभी राहायची, पदराला हात पुसत. दोघींमध्ये एक काच. चौथ्या आठवड्यात ती कुंपणाच्या पलीकडून जाऊ लागली. ऑक्टोबरात आई परत गेली.

आईला या निरोपाचं उत्तर काय द्यावं यावर मी बराच वेळ विचार केला. खाच असलेली ती कोल्हीण आता असणं जवळजवळ अशक्य, इतकी वर्षं शहरात क्वचितच कोणी जगतं. शेवटी लिहिलं: ती नाही. पण काल शेडच्या छतावर एक तरुण कोल्हा पडला होता, मी दार उघडल्याबरोबर उठला आणि कुंपणावरून पलीकडे उडी मारून गेला.

आईचं उत्तर आलं, "मग बरं आहे."